शंभरातली सहा घमेली

सावरबोडीचा तलाव वाचवायला मी आले नव्हते. सरकारी पत्रात तसं लिहिलं होतं खरं: 'आचल सुकराम नान्हे, तलाव परीक्षक', आणि खाली गोल शिक्का. पण पत्रं लिहिणाऱ्यांना सगळंच कुठे ठाऊक असतं? मी सूड घ्यायला आले होते. चौदा वर्षं वाट पाहिली होती. आता सुडाचं यंत्र जेवणाच्या डब्याएवढं झालं होतं आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीत मावत होतं.

एप्रिलमधली सकाळ होती. तलाव आटून निम्म्यावर आला होता आणि उरलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली होती. मी डोंग्यात, लहान लाकडी होडीत, बसून तळाच्या गाळात एक पारदर्शक नळी दाबत होते, तेवढ्यात पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, गळ्यात दुपट्टा, कपाळावर हाताची सावली. मी त्याला लांबूनच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही.

"काय काढून रायली वो बाई?"

"गाळ."

"गाळाचं काय करतं?"

"गाळ बोलते, काका. कोनाचं खत वाहून तलावात आलं ते नावानिशी सांगते."

म्हातारा खळखळून हसला. "बोलू दे ना मंग! मायं काय जाते? मी खत शेतात टाकतो, तलावात नाई. तू पोरगी कोनाची?"

"सुकराम नान्हेची."

हसू तिथेच थांबलं. हिवराज लंजे, सव्वीस एकरांचा धनी, पाळीवरून दोन पावलं खाली उतरला. मग म्हणाला, "तुया बापाबद्दल मी खोटं नाई बोललो. जे डोळ्यानं पाह्यलं तेच सांगितलं."

"मंग आता मी जे काढीन तेबी डोळ्यानं पाहा. मे महिन्याच्या एक तारखेले, ग्रामसभेत. त्याच सावरीच्या झाडाखाली."

नळी गाळात हातभर खोल गेली. मी टोपण लावलं आणि ती वर ओढली.

२०३४ च्या भाद्रपदात मी सोळा वर्षांची होते. एका सकाळी आमच्या ढिवरटोलीत, मच्छीमारांच्या वस्तीत, ओरड झाली आणि सगळे पाळीवर धावले. पाणी दिसत नव्हतं, फक्त मासे दिसत होते. रोहू, कतला, वाडीस, सगळ्यांची पांढरी पोटं वर. लहान पोरं काठीने ढोसून बघत होती. त्या सड्यात मला एक गोष्ट दिसली ती मी कधी विसरले नाही: मरळ मेली नव्हती. काठाच्या चिखलात दोन-तीन मरळ चांगल्या जिवंत होत्या, वर येऊन तोंड उघडत होत्या आणि परत खाली जात होत्या.

दुपारी सावरीच्या झाडाखाली गाव जमलं. हिवराज लंजे उठला आणि म्हणाला, "पंधरा दिवसाआधी, दिवस निघायच्या वक्ताले, सुकराम डोंग्यातून पांढरं काहीतरी पान्यात टाकत होता. मी बांधावरून पाह्यलं." माझे बाबा मच्छीमार संस्थेचे सचिव होते. सगळ्यांनी त्यांना विचारलं, टाकलं का? बाबांनी मान खाली घातली आणि एक शब्द बोलले नाहीत. गावाला ती कबुली वाटली. मला वाटलं, ज्याच्या नावावर वाफाभर जमीन नाही तो माणूस सव्वीस एकरांपुढे बोलणार तरी काय!

संस्थेकडून तलावाचा ठेका गेला. आणि गावाने ठरवलं की सुकरामने पुन्हा पाळीवर पाय ठेवायचा नाही, तलावाच्या पाण्याला हात लावायचा नाही. कुठल्या कायद्यात बसत होतं हे? कुठल्याच नाही. पण बाबांनी ते पाळलं. दुसऱ्या गावच्या तलावांसाठी जाळी विणून द्यायचे, स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत. आईने बाहेरची मासळी आणून बाजारात टोपली मांडली, तर बाया नाकाला पदर लावून पुढे जायच्या. 'विषवाल्याची बायको.' चौथ्या वर्षी आई तापाने गेली. ताप निमित्त होता, असं मी आजही म्हणते.

मी नागपूरला शिकायला गेले ते एकच प्रश्न घेऊन: विष होतं तर मरळ का वाचली?

उत्तर पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात होतं. मरळ हवेतला श्वास घेऊ शकते. रोहू-कतल्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. म्हणजे तलावात विष नव्हतं, श्वास नव्हता. शेतातलं खत पावसाबरोबर तलावात उतरतं. त्यातल्या नत्र आणि स्फुरदावर पाण्यातलं शेवाळ पोसतं, फुगतं, पाणी हिरवंगार करतं. मग ते शेवाळ मरतं आणि कुजतं, आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू गिळतं. ढगाळ दिवस आला, वारा पडला, की पहाटेपर्यंत प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. तलाव अतिखाण्याने मरतो. कोणी मारेकरी दिसत नाही, कारण मारेकरी शंभर ठिकाणी, आपापल्या बांधावर, खांद्याला टोपलं लावून खत फेकत असतात.

पण 'सगळ्यांनी मिळून' या उत्तराने माझं समाधान होणार नव्हतं. मला नाव हवं होतं.

नाव मिळालं ते सरकारच्या एका जुन्या उद्योगामुळे. २०३२ च्या सुमारास स्वस्तातला युरिया शेताऐवजी भलत्याच कारखान्यांत जायचा. तो पकडण्यासाठी प्रत्येक गोणीत ओळखीचे दाणे मिसळायचा नियम झाला. दाणा म्हणजे पिठाहून बारीक काचेचा कण. त्याच्या पोटात प्रयोगशाळेत बनवलेल्या डीएनएचा एक तुकडा. चार अक्षरांची साठ जागांवर मांडणी केली की इतके वेगळे क्रमांक होतात, की पृथ्वीवरच्या प्रत्येक गोणीला एकेक दिला तरी संपत नाहीत. दुकानात शेतकऱ्याने अंगठा लावला की गोणीचा क्रमांक त्याच्या नावाला चिकटायचा. लोक त्यांना नावदाणे म्हणू लागले. चोरी थांबली की दुसरीकडे सरकली कोण जाणे, पण नियम राहिला, सरकारी नियम राहतात तसा.

एका गोष्टीचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. खत विरघळतं, पीक ते पितं. काच विरघळत नाही, काच कोणी पीत नाही. ज्या पाण्याबरोबर खत वाहतं त्याच पाण्याबरोबर दाणाही वाहतो आणि तलावाच्या तळाशी जाऊन बसतो. दर पावसाळ्यात जाड मातीचा एक थर, दर उन्हाळ्यात बारीक काळ्या गाळाचा एक थर, अशी तलावाची वर्षं एकावर एक रचलेली असतात. थर मोजायचा, कापायचा, खास आम्लात काच विरघळवायची, आतली अक्षरं यंत्राला वाचायला द्यायची. कोणाच्या गोणीचे किती दाणे यावरून कोणाचं किती खत आलं ते कळतं. शंभरात एक-दोनचा फरक पडतो, जास्त नाही.

दोन वर्षांपूर्वी तलाव कायदा आला. ज्यांची नावं गाळात निघतील त्यांना दोनपैकी एक शिक्षा: पाच वर्षं रासायनिक खत बंद, नाहीतर नुकसान झालेली मच्छीमार संस्था सांगेल ती दुरुस्ती. कायदा वाचून पूर्ण व्हायच्या आत मी सावरबोडीची बदली मागितली होती.

शाळेच्या रिकाम्या वर्गात मी यंत्र मांडलं. गाळाच्या एकेक सेंटिमीटरच्या चकत्या केल्या. २०३४ चा थर शोधावा लागला नाही. मेलेल्या शेवाळाची काळीहिरवी पट्टी नळीतून नुसत्या डोळ्यांना दिसत होती. बोटभर जाडीचा माझ्या आईचा मृत्यू. मी त्या पट्टीचा आणि तिच्या खालच्या चकत्यांचा थोडाथोडा गाळ यंत्रात घातला आणि तीन तास बाकावर बसून राहिले.

यादी आली. पहिलं नाव: हिवराज लंजे, एक्केचाळीस टक्के.

मी उठून वर्गात दोन फेऱ्या मारल्या. हसू येत होतं. एक्केचाळीस! का ते मला माहीत होतं. तलावाच्या वरच्या अंगाला पूर्वी प्रत्येक मोठ्या शेतात एक बोडी असायची, शेतातलंच लहान तळं. शेतातलं पाणी आधी बोडीत यायचं, तिथे थांबायचं. गाळ खाली बसायचा, कमळं आणि लव्हाळं त्यातलं खत पिऊन घ्यायची, आणि निवळलेलं पाणी तलावात उतरायचं. उन्हाळ्यात शेतकरी बोडीचा गाळ उपसून परत शेतात टाकायचा. शेताचं शेतात. मग गोण्या आल्या, गाळ उपसायचा कंटाळा आला, आणि सगळ्यांत मोठी बोडी हिवराजने बुजवली. दीड एकर धान वाढलं. त्याच्या आज्याने ती बोडी खणली होती. नातवाने बुजवली आणि वर माझ्या बापाला विषवाला ठरवलं.

मी यादी खाली सरकवली. बावीस शेतकरी, कोणी दोन टक्के, कोणी चार. आणि मध्येच:

सुकराम नान्हे, सहा टक्के.

मी परत वाचलं. यंत्र बिघडलं असेल म्हणून चकती पुन्हा लावली. तेच नाव, तोच अंगठा, अकरा गोण्या. ज्या माणसाकडे तुळशीला पुरेल एवढीच माती, त्याला अकरा गोण्या कशाला हव्या होत्या? आणि हे दाणे इतरांसारखे सगळ्या थरांत पसरलेले नव्हते. सगळेच्या सगळे काळ्या पट्टीच्या लगेच खालच्या एकाच चकतीत होते. मासे मेले त्याच्या अगदी आधी.

पांढरं काहीतरी. पंधरा दिवसांआधी. दिवस निघायच्या वक्ताले.

हिवराज लंजे खरं बोलला होता. चौदा वर्षं ज्याला मनातल्या मनात खोटारडा म्हणून झोडलं तो खरं बोलला होता, आणि यापेक्षा मोठा अपमान माझा कोणी केला नव्हता.

ती एक चकती मी उचलली. करंगळीच्या नखाएवढी जाड. बाहेर नळ होता. चकती नळाखाली धरली असती आणि यादीतली एक ओळ पुसली असती, तर बाबांचं नाव मोरीतून वाहून गेलं असतं, बाकी सगळी नावं राहिली असती, आणि कोणाला कधी कळलं नसतं. मी नळापर्यंत गेले. नळ सोडलासुद्धा.

"आचल, जेवली नाई ना?"

बाबा फाटकातून आत येत होते, हातात फडक्यात बांधलेला डबा. चौदा वर्षांत पाठ पार वाकली होती. मी चकती मुठीत धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाहत्या नळाकडे पाहिलं, आणि डबा पायरीवर ठेवला.

"निघालं का मायं नाव?" त्यांनी विचारलं.

मी नळ बंद केला. "तुमाले माहीत होतं?"

"मले नाई त कोनाले माहीत राहीन?" ते पायरीवर टेकले. "त्या साली मासे बारीक निघून रायले होते. मले संस्थेनं प्रशिक्षणाले पाठवलं. तिथं सायबानं सांगितलं, तळ्यात थोडंसं खत टाकलं का बारीक शेवाळ होते, ते मासे खातेत अन् मोठे होतेत. पानी फिकं हिरवं दिसलं पायजे म्हने. मी अकरा गोन्या टाकल्या. पंधरा दिवसानं सारे मेले." त्यांनी डब्याच्या फडक्याची गाठ सोडली. "मीच मारला तलाव, पोरी. तुयी आईबी मीच मारली. हिवराज पाटील बोलला तवा मी काय बोलू?"

मला त्यांचा राग आला. खराखुरा, अंगाची लाही करणारा राग. माझं सगळं तारुण्य मी यांच्या निरपराधपणावर उभं केलं होतं, आणि यांनी एकदा तोंड उघडून सांगितलं नाही!

"आईले माहीत होतं?"

"नाई."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू मायाकडून भांडत होती ना. कोनी त मायाकडून होतं."

मी आत गेले. पहिलीच्या पोरांना मोजायला शिकवतात तो चिंचोक्यांचा डबा फळीवर होता. मी तो बाबांपुढे पायरीवर पालथा केला आणि शंभर चिंचोके मोजले.

"बाबा, त्या साली तलावात जितकं खत आलं, ते हे शंभर. तुमाले वाटते हे सारे तुमचे. नाई का?"

त्यांनी मान हलवली.

मी सहा चिंचोके उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले. "तुमचे एवढे."

त्यांनी बोटांनी एकेक चाचपलं. "सहा?"

"सहा. फिकं हिरवं पानी त्या सायबानं उपाशी तळ्यासाठी सांगितलं होतं. आपला तलाव आधीच गळ्यापर्यंत जेवला होता. तुमी वरून अजून वाढलं. चूक झाली, पन सहाची झाली."

"मंग बाकीचे कोनाचे?"

मी एक्केचाळीस मोजले आणि ढीग वेगळा केला. "हे लंजे पाटलाचे. अन् हे बाकी बावीस जनाचे."

बाबांनी त्या मोठ्या ढिगाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. मी बापाला रडताना पाहायला तयार होते. पण ते रडले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मला असं काही दिसलं जे मी फक्त आरशात पाहिलं होतं.

"चौदा वर्ष," ते म्हणाले. "शंभराची सजा भोगली मी. सहासाठी."

त्यांनी सहा चिंचोके सदऱ्याच्या खिशात टाकले आणि उठले. "सारी यादी वाच. मायं नाव पयले वाच."

मी चकती परत डब्यात ठेवली.

एक मे रोजी सावरीखाली सगळं गाव होतं. सरपंच ललिता गहाणे यांनी मला बोलायला सांगितलं. मी यादी काढली आणि सांगितल्याप्रमाणे पहिलं नाव वाचलं: सुकराम नान्हे.

जो गलका झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. हिवराज लंजे उभाच राहिला, दोन्ही हात वर करून. "आइका! आइका गा सारे! चौदा वर्षाआधी मी काय सांगितलं होतं? तिची सोताची मशीन सांगून रायली!"

"खरं सांगितलं होतं तुमी, काका," मी म्हणाले. "डोळ्यानं पाह्यलं तेच. बाबानं खत टाकलं. मासे मोठे होतीन म्हून. शंभरात सहा."

"सहा का असेना, टाकलं ना?"

"टाकलं. आता दुसरं नाव आइका." मी सावकाश वाचलं. "हिवराज लंजे. शंभरात एक्केचाळीस."

हात हळूहळू खाली आले. मग मी बाकीची बावीस नावं वाचली, आणि प्रत्येक नावाबरोबर एकेक मान खाली जात होती. चौदा वर्षांपूर्वी याच झाडाखाली बाबांना विषवाला म्हणणाऱ्यांपैकी एकही जण यादीतून सुटला नव्हता. मला लाज वाटायला हवी होती का? मला फार बरं वाटत होतं.

"मी त शेतात टाकलं," हिवराज म्हणाला. आवाज बसला होता. "साऱ्याईनं टाकलं. तलावात जाते हे मले काय माहीत?"

"तुमच्या आज्याले माहीत होतं," मी म्हणाले. "म्हून त्यानं बोडी खंदली होती."

सरपंचबाईंनी कायदा वाचून दाखवला. खत बंद, नाहीतर संस्था म्हणेल ती दुरुस्ती; निवड संस्थेने करायची. संस्थेचे सात म्हातारे उरले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि साऱ्यांनी शेवटच्या सचिवाकडे बोट केलं. बाबा उठले. चौदा वर्षांत ते या झाडाखाली आले नव्हते.

"खत बंद नाई करत," ते म्हणाले. "पिकलं पायजे. पन बोडी पायजे. पाटलाची पयले, मंग बाकीच्याईच्या. अन् दर उनाळ्यात गाळ उपसून शेतात नेला पायजे."

सुटकेचा निःश्वास सगळ्यांनी सोडला. हिवराज म्हणाला, "हाव, करून टाकू. परवा पोकलेन बोलावतो, दोन दिवसात बोडी तयार."

"पोकलेन आना," बाबा म्हणाले. "पन पयले शंभर घमेले हातानं. गावासमोर. ज्याचे जितके निघाले तितके त्यानं सोता उचलायचे. पोरानं नाई, गड्यानं नाई."

"सत्तर वर्षाचा हावो मी, सुकराम."

"मी अडुसष्टचा," बाबा म्हणाले आणि बसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, बुजवलेल्या बोडीच्या जागी धानाच्या वाळक्या खुंटांवर गाव जमलं. ढिवरटोलीच्या बायका बोडीपर्यंत वळून आलेल्या पाळीच्या उतारावर ओळीने बसल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी जणींनी माझ्या आईची टोपली ओलांडून जाणाऱ्या बायका पाहिल्या होत्या. त्या ओलांडणाऱ्या बायकाही आल्या होत्या, दुसऱ्या टोकाला.

आधी बावीस जणांनी आपापली घमेली उचलली. दोन, तीन, चार. हसत-खिदळत झालं ते. मग बाबा उतरले. फावड्याने स्वतः खणलं, स्वतः भरलं, वाकल्या पाठीने काठावर नेऊन ओतलं. प्रत्येक घमेल्यामागे खिशातला एक चिंचोका काढून बांधावर ठेवला. सहा झाले. त्यांनी फावडं मातीत रोवलं, वर येऊन माझ्याशेजारी बसले आणि बिडी पेटवली.

मग हिवराज लंजे उतरला.

बाबा मोजत होते. मनात नाही, मोठ्याने. "एक." घमेलं ओतलं की आकडा. "दोन." गावाला ऐकू जाईल असा, एका सुरात. दहापर्यंत कोणीतरी कुजबुजत होतं. पंधराला कुजबूज थांबली. वीसला हिवराजने दुपट्टा काढून डोक्याला गुंडाळला. चोवीसला त्याने घमेलं अर्धंच भरलं. बाबांनी आकडा म्हटलाच नाही. हिवराजने वर पाहिलं, परत गेला, भरून आणलं. "चोवीस."

खाली काळी ओली माती लागली होती. कमळाचा एक जुना, वाळलेला कंद फावड्याबरोबर वर आला. हिवराज तो हातात घेऊन क्षणभर उभा राहिला. त्याचा आजा त्याला या बोडीत पोहायला शिकवायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याने कंद बाजूला ठेवला आणि पुन्हा वाकला.

मला वाटलं होतं, हे बघताना पोट भरेल. तिसाव्यापर्यंत भरत होतं. पस्तीसला तो फावड्याच्या दांड्यावर रेलला. अडतीसला तो काठावर चढताना हातांवर आला. एकोणचाळीसावं ओतलं आणि तो तिथेच बसला, तोंड उघडं, छाती वरखाली, भाद्रपदातल्या त्या सकाळी काठाशी तोंड उघडणाऱ्या मरळींसारखा. त्याचा पोरगा, चाळिशीचा बाप्या, घमेलं घ्यायला पुढे झाला आणि माझ्याकडे बघून थांबला. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. कायद्याने मी तिथली अधिकारी होते. पुरे, एवढंच म्हणायचं होतं.

आणि मला ते म्हणायचं होतं. चौदा वर्षं जपलेला सूड माझ्या हातून गळून पडला होता आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मी उठू लागले.

बाबांनी माझं मनगट धरलं. जाळी विणणारी बोटं, तारेसारखी.

"बस," ते म्हणाले. "दोन रायले."

मी बसले.

हिवराजने ते ऐकलं. तो बाबांकडे बघत राहिला. बाबांनीही नजर काढली नाही. मग तो गुडघ्यावर हात रेटून उठला, खाली गेला, भरलं, वर आणलं.

"चाळीस."

शेवटचं आणायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. घमेलं ओतून त्याने ते पालथं केलं आणि त्याच्यावरच बसला. बाबा उठले.

"एक्केचाळीस," ते म्हणाले. "झालं, हिवराज."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्याला पाटील म्हटलं नव्हतं. आणि त्याच्याकडे न जाता ते पाळीकडे वळले. उतार चढले. बायकांनी सरकून वाट दिली. चौदा वर्षं बंदी असलेल्या त्या पाळीवर क्षणभर थांबून ते पलीकडे उतरले, पाण्याशी. मागोमाग गाव पाळीवर चढलं. पाणी अजून हिरवंच होतं. ते निवळायला बोडीला चार-पाच पावसाळे तरी लागतील, गाळात साठलेलं स्फुरद पाण्याला इतक्यात सोडत नाही, हे मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलंही होतं.

त्यांनी चपला काढून ठेवल्या, हाताने हिरवी साय बाजूला सारली, आणि पाय धुतले. आधी डावा, मग उजवा. सावकाश, सगळ्या गावाला दिसतील असे.